अशक्त ठोकळ्यांचे मामा

प्रयोगशाळेत त्यांना सगळे मामा म्हणत. हुद्दा साध्या मदतनिसाचा, पण मशीनपासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांना वळण लावायची जबाबदारी आपलीच, अशी त्यांची ठाम समजूत. बत्तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. सिमेंट-वाळूचा माल कालवायचा, साच्यात ठासून मुठीएवढे ठोकळे पाडायचे आणि महिन्याने तेच ठोकळे मशीनखाली फोडायचे. "यांचं अख्खं आयुष्य करून फोडण्यात गेलं," असं मामी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

निवृत्तीला चार महिने उरले असताना संशोधन करणाऱ्या एक तरुण मॅडम आल्या. सिमेंटमध्ये फुटक्या विटांची भुकटी मिसळली तर माल कितपत ताकदीचा होतो, हे त्यांना पाहायचं होतं. मालाचे तीन प्रकार ठरले: अ म्हणजे निव्वळ सिमेंट, ब मध्ये थोडी भुकटी आणि क मध्ये निम्मी. सगळे ठोकळे आठवडाभर पाण्यात ठेवायचे, मग तीन आठवडे कोरड्या फळीवर. आठवड्यानंतर भिंतीवर पाणी मारतंय कोण, म्हणून हा नियम.

मामांचा जीव पहिल्याच दिवशी क वर जडला. रंग फिकट, कोपरे झडलेले, साच्यातून निघतानाच रडकुंडीला आलेले ते ठोकळे. शेजारी अ ची मंडळी छाती काढून बसलेली. ठोकळे फळीवर आल्यावर दोन दिवस मामांनी कसंबसं सोसलं. तिसऱ्या दिवशी गोणपाट ओलं केलं आणि क वर पांघरलं. पुढे ते सकाळी, दुपारी आणि घरी निघताना भिजवायचं हा नेमच झाला. मॅडम यायच्या तेव्हा गोणपाट खुंटीवर असे. लपवायचं म्हणून नव्हे हो, उगाच प्रश्न नकोत म्हणून.

फोडायचा दिवस आला. क मशीनखाली गेला, काटा चढत राहिला आणि अ च्या अगदी जवळ जाऊन थांबला.

"मामा!" मॅडमनी चक्क टाळ्या वाजवल्या. "निम्मं सिमेंट आणि ताकद जवळजवळ तेवढीच! सोमवारी बांधकाम समितीपुढे मांडते. मंजूर झालं की शाळेची नवी भिंत याच मालाची."

मामा हसायला गेले, पण नजर खुंटीवरच्या गोणपाटाकडे गेली. आपल्या लाडक्याने पहिला नंबर काढावा आणि उत्तरं आपणच पुरवली होती हे आठवावं, तसं झालं.

घरी जेवताना त्यांनी मामींना सगळं सांगितलं. मामी आधी पोट धरून हसल्या, मग गंभीर झाल्या.

"आपल्या धाकट्या लेकाचं हेच केलंत. त्याची गणितं गुपचूप तुम्ही सोडवलीत, वर्षभर आम्ही त्याला हुशार समजलो. परीक्षेत मात्र तो एकटाच बसला होता."

"ते जुनं झालं गं."

"मग नवं विचारते. त्या शाळेच्या भिंतीवर गोणपाट टाकायला तुम्ही जाणार आहात का?"

बत्तीस वर्षांत मामांच्या एकाही ठोकळ्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि आता जाता जाता हे.

सोमवारी ते तासभर आधी पोचले. गोणपाट खुंटीवरून काढून त्यांनी मॅडमच्या टेबलावर ठेवलं आणि घडाघडा सगळं सांगून टाकलं. मॅडमचा चेहरा उतरला.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"एकोणीस. दिवसातून तीनदा."

समितीने मॅडमना चांगलंच फैलावर घेतलं. त्यांनी महिनाभराची मुदत मागून घेतली, पण मामांचं नाव काढलं नाही. तेच मामांना जास्त लागलं.

पुन्हा माल कालवला. या वेळी क चे दोन भाग केले, निम्मे गोणपाटाखाली आणि निम्मे उघडे. उघड्यांसाठी मामांनी स्वतः जाळीचं कपाट आणलं, कुलूप लावलं आणि किल्ली मॅडमच्या हातात दिली.

"ही तुमच्याकडेच ठेवा. माझा मला भरवसा नाही."

तीन आठवडे ते जाळीसमोरून मान खाली घालून जात. एकदा पाण्याचा तांब्या घेऊन उभे राहिलेले दिसले. मॅडम खाकरल्या, तशी त्यांनी ते पाणी पिऊन टाकलं.

उघडा क अ च्या निम्म्यावरच फुटला. झाकलेला मात्र पुन्हा अ ला भिडला. मॅडमनी नवा अहवाल लिहिला: भुकटीच्या मालाला सिमेंटच्या मालापेक्षा जास्त दिवस ओल लागते, भिंत महिनाभर झाकून भिजवत ठेवणार असाल तरच तो वापरा. खाली मदतनिसाचं पूर्ण नाव होतं. मामा म्हणून ओळखणाऱ्यांना ते कोण हे विचारावं लागलं.

संध्याकाळी मामींनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे गोणपाट टाकलंत ते बरोबरच होतं?"

"टाकलं ते बरोबर होतं," मामा म्हणाले. "खुंटीवर टांगून ठेवलं, ते चुकलं."

मग त्यांनी फोन उचलला आणि धाकट्याला लावला. त्या गणितांबद्दल ते त्याच्याशी आजवर एक अक्षर बोलले नव्हते.