तांब्यावरचा पेला

आज सकाळी लातुरात सौम्य धक्का बसला आणि उपड्या तांब्यावर ठेवलेला पेला खणकन खाली पडला. भूकंप लगेच कळावा म्हणून ही युक्ती आईची. लातूर नवा जिल्हा झाला त्या दुष्काळी वर्षी आमच्या गावची जमीन अशीच हलायची. नवे कलेक्टर साहेब धीर द्यायला आले. मांडवात ‘घाबरू नका’ म्हणाले, तोच शेजारच्या घरातला पेला वाजला. मांडवाबाहेर पहिले साहेबच.

“लई धीराचा हाय गं बाई,” आई शेजारणीला म्हणाली. हसत होती, पण माझं मनगट तिनं इतकं आवळलं होतं की बांगड्या रुतल्या. मी हात सोडवायला धडपडत होते.

आज अंगणात एकटीच आले. धक्का केव्हाच थांबला होता. माझंच मनगट धरून मी उभी होते.