हिरव्या पाण्याची बाटली

वर्तकनगरच्या आमच्या ऑफिसात एका भिंतीला काचेच्या टाक्या होत्या. त्यांतलं हिरवं शेवाळ हवा शुद्ध करायचं. ते सांभाळायला शहाडहून एक गृहस्थ यायचे. काचेला कान लावून बुडबुडे ऐकायचे आणि म्हणायचे, "श्वास चालू आहे, साहेब. उद्या अंतराळात माणसं याच्यावरच जगणार."

मागच्या महिन्यात मालकांनी टाक्या बंद करायला सांगितल्या. त्या गृहस्थांनी एक बाटली भरून घेतली आणि बाकीचं पाणी गटारात सोडलं.

"बाटली कशाला?" मी विचारलं.

"बायकोची फुप्फुसं गेलीयत. तिच्या उशाशी ठेवतो. यातून हवा येते म्हटलं, की तिला झोप लागते."

"पण एवढ्याशा बाटलीतून..."

"मला माहितीय, साहेब," ते झाकण जरा सैल करत म्हणाले. "तिलाही माहीत असणार."