माल जातोय का येतोय

आबा मिस्त्री भित्रे होते. जॅकवर चढवलेल्या ट्रकच्या पोटाखाली बेधडक शिरणारा हा माणूस मोबाइलवर शेअर घ्यायची वेळ आली की अंगठा पायजम्याला तीनतीनदा पुसायचा. “मला लई भ्या वाटतं, राव,” असं सरळ म्हणायचा. आळेफाट्यावर असं कोणी कबूल करत नाही. इथं टपरीवरचा प्रत्येक जण छातीठोक टिप देतो आणि लोक बुडाले की नशिबावर ढकलतो. निर्लज्जपणा नुसता!

इंजिन तपासताना आबा लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला लावायचे, मूठ कानाला. मग पट्टी ओढून ऑइल बोटांत चोळायचे. “नुसत्या आवाजावं भुलायचं न्हाई. नुसतं ऑइल बघून बी गाडी घाटात सोडायची न्हाई. दोन्ही एकच बोलली, तर किल्ली मार.” शेअरलाही हाच नियम. भावाचा आलेख म्हणजे आवाज, कंपनीचा वार्षिक अहवाल म्हणजे ऑइल. अहवालातलं इंग्रजी त्यांना अर्धंच कळायचं, पण कर्ज किती आणि विकलेल्या मालाचे पैसे खरंच आले का, हे बोट ठेवून शोधायचे. कंपनी चांगली पण भाव पडता असला, तरी थांबायचे. “गाडी झ्याक हाय, पर आत्ता उताराला लागलीया.”

तेव्हा ठिबकच्या पाइपची एक कंपनी रोज वर चालली होती. कारखाना नाशिककडचा. तिचे भरलेले ट्रक फाट्यावर सगळ्यांना दिसत. “डोळ्यानं दिसतंय, अजून काय पुरावा पायजे?” म्हणत निम्म्या फाट्यानं शेअर घेतला. मीही घेतला. आईची जमीन रस्त्यात गेली होती. तिचा सगळा मोबदला लावला, तिला न विचारता. आज मी टिपवाल्यांविरुद्ध पत्रकं वाटतो, तर हेही लिहायलाच हवं.

आबांना सांगितलं, तर त्यांनी गॅरेजसमोरच्या, पाइपांनी भरलेल्या ट्रककडे बोट केलं.

“ह्याचं तोंड कुठं हाय?”

“नाशिककडं.”

“कारखाना कुठं हाय?”

“नाशिककडंच.”

“मंग माल जातोय का येतोय?”

माल येत होता. न खपलेला माल दुकानदार परत पाठवत होते. अहवालातही विक्री फुगलेली, आणि दुकानदारांकडून यायची बाकी त्याहून फुगलेली.

“पण आबा, भाव तर चढतोय!”

“आवाज ग्वाड हाय. ऑइल काळं हाय. आजच वीक.”

मला हाव सुटली होती. थोडं थांबतो म्हणालो. तेव्हा त्यांनी आलेखावर पन्नास दिवसांच्या सरासरीची रेघ दाखवली. “भाव हिच्याखाली बंद झाला, की दुसऱ्या सकाळी विकायचं. मला इचारायचं न्हाई, देवाला बी न्हाई.”

पुढचे दिवस भाकरी गिळवेना. आईसमोर बसवेना. मग एके दिवशी रेघ तुटली, भाव तिच्याखाली बंद झाला. दुसऱ्या सकाळी बाजार उघडला आणि माझं बोट गोठलं. ‘उद्या वर येईल,’ असं मीच मला सांगत होतो. आबा शेजारी उभे. तेलकट अंगठा पायजम्याला पुसत होते. “मी बी घाबरलोय. घाबरत घाबरत दाब.”

दाबलं.

तिसऱ्या दिवसापासून त्या शेअरला घेणाराच उरला नाही. टपरीवर बोंब उठली, “मिस्तरीनं एकट्यालाच सांगितलं!” साफ खोटं! आबांनी सगळ्यांना सांगितलं होतं, माझ्यासमोर. “मिस्तरी, तुमी पाने फिरवा,” म्हणून हसले होते हेच लोक.

आबा मागच्या उन्हाळ्यात गेले. गॅरेजला कुलूप आहे. माझ्या पत्रकांवर त्यांचा ट्रकवाला प्रश्न असतो, नाव नसतं. “माझं नाव छापू नको, भ्या वाटतं,” असं त्यांनी बजावलं होतं; म्हणून इथंही नुसतं ‘आबा मिस्त्री’, पूर्ण नाव नाही. शेवटच्या भेटीत खाटेवरून एवढंच विचारलं, “आईला सांगितलंस?”

“नाही.”

“मंग तू अजून सुटला न्हाईस, भाऊ.”

माझं छापलेलं सगळं आई वाचते, एकेका ओळीवर बोट ठेवून. हेही वाचेल. मजकूर छपाईला पाठवायचाय, आणि मी केव्हाचा अंगठा पुसतोय.