देवांना बसू दे

बाळकुमच्या सगुणामावशीशिवाय आम्हा आगऱ्यांकडे लग्न लागल्यासारखं वाटायचंच नाही. ती धवलारीण. मांडवात पाटावर बसून धवले गायची, एकेका देवाला नाव घेऊन लग्नाला बोलवायची, आणि मागच्या बाया ओळ उचलायच्या. तरुणपणी मिठागरावर पाट्या वाहिलेली बाई. आवाज खाडीपलीकडे जायचा.

एकोणीसशे त्रेपन्नच्या सुमारास ती ओळीच्या मध्येच थांबायला लागली. बाया गोंधळल्या, तेव्हा म्हणाली, "थांबा गो, देवांना बसू दे." झालं! बोलावलेले देव, त्यांना बसायला वेळ नको? सगळ्यांना पटलं. पुढे एका हळदीत ती घेरी येऊन पडली, तर म्हणे अंगात आलं, आणि लोक तिच्या पाया पडले. माझं डोकंच फिरलं. मी तिच्या बहिणीचा मुलगा, शाळामास्तर. तिला ओढतच ठाण्याला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. "लहानपणी सांधे सुजून ताप आला होता?"

आला होता.

"हृदयातून रक्त बाहेर पडतं तिथली झडप त्या तापाने बिघडली, आणि वर्षानुवर्षं आखडत गेली. अरुंद वाटेतून रक्त ढकलायला हृदय जास्त जोर लावतं, त्याची भिंत जाड होते. म्हणून इतकी वर्षं बाईंना काही कळलं नाही. आता ते थकलंय. दम, छातीतली कळ, घेरी, सगळं त्याचंच. गाणं बंद करा."

झडप मोकळी करणारं औषध नाही, असंही त्यांनी सांगितलं.

पण मावशीला नातीचं लग्न गायचं होतं. मालन आईविना तिच्याच मांडीवर वाढलेली.

"मी नाय गायले त देवांना कोन बोलवल?" ती म्हणाली.

"जीव जाईल तुझा!" मी ओरडलो.

"मंग तू गा. मास्तर हायस ना."

मालनच्या लग्नात मी तिच्या पाठीला हात लावून बसलो. हाताखाली तिचं काळीज धडधडत होतं. अर्धी ओळ गायची, थांबायची, ओठ निळसर व्हायचे, पुन्हा गायची. कुणी घाई केली नाही. तिने एकही देव वगळला नाही. मला रडू आवरेना. लोकांना वाटलं, भाचीची पाठवणी म्हणून रडतोय.

पावसाळ्यापूर्वीच मावशी गेली.

आता धवले मालन गाते. परवा कोपरीच्या एका लग्नात ऐकलं. धट्टीकट्टी पोर, छाती भरून गाते, आणि मावशी थांबायची तिथेच, अर्ध्या ओळीवर, थांबते. नंतर मी तिला विचारलं, "मध्येच का गं थांबतेस?"

ती माझ्याकडे खुळ्याकडे पाहावं तशी पाहायला लागली. "मामा, देवांना बसू द्याला नको?"

तिला पुढच्या धवल्यासाठी हाक आली. पुन्हा अर्ध्या ओळीवर ती थांबली, आणि मांडव गप्प झाला. मी सतरंजीवर जरा सरकलो. देव येत असतील तर त्यांच्याबरोबर मावशीही येईल, तिला बसायला जागा हवी.