आवाज आला की थांबायचं

माझ्या बापाचा उजवा पाय वाघाने नेला नाही की साप चावून सडला नाही. सागाच्या ओंडक्यांनी भरलेली बैलगाडी त्यावरून गेली. तीही भर दिवसा, मोकळ्या सडकेवर, बापाचे डोळे-कान शाबूत असताना. गाडीवान मागून जीव तोडून ओरडत होता. बापाने ते ओरडणे ऐकले, आणि ऐकले म्हणूनच तो थांबला.

ही गोष्ट मी पुढे कॉलेजात दोघातिघांना सांगितली. त्यांना वाटले, मी काहीतरी गाळतो आहे. गाळत नव्हतो. आमच्या पाड्यावर पोर चालायला लागले की त्याला पहिला धडा मिळतो तो हा, की आवाज आला की थांबायचं. आहेस तिथं. पाय उचलायचा नाही, मान वळवायची नाही. पळणाऱ्याच्या मागे जनावर लागते, उभ्याला सोडून जाते. रानात हे खरे आहे, मी स्वतः त्यामुळे वाचलो आहे. पण उताराला लागलेली ओंडक्यांची गाडी जनावर नसते. ती बैलांनाही आवरत नाही.

बाप चुलीपाशी बसून टोपल्या विणू लागला. वांगणीकडच्या आमच्या डोंगरउतारावर जी भात-नागली व्हायची ती होळीपर्यंत पुरली तर नशीब. मग कडूकंद. कापून वाहत्या पाण्यात ठेवायचे, कडूपणा उतरला की उकडायचे, मीठ असले तर मीठ. आईला आम्ही आय म्हणतो. आय दर बाजाराला डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन जव्हारला जायची. त्या मोळ्यांवर मी शिकलो. आधी जव्हारास, मग नाशकास, मग मुंबईला. माझ्याआधी आमच्या पाड्यात कोणी हातात पाटी धरलेली नव्हती. मी बी.ए. झालो. हे मी मिरवून सांगतो, कारण ते मिरवण्यासारखेच आहे.

मुंबईत पहिल्याच आठवड्यात ट्रामची घंटा मागे वाजली आणि मी रुळांवर खांबासारखा उभा राहिलो. एका हमालाने सदऱ्याला धरून मला बाजूला ओढले. "मरायचं असंल तर समुद्र मोठा हाय, लोकांची ट्राम कशाला अडवतोस?" म्हणाला. त्या दिवशी मला बापाच्या पायाचे कोडे उलगडले. पुढे मी शहरात चालायला शिकलो. कडेने चालायचे, मधूनमधून मागे बघायचे, आवाज आला की आधी बाजूला व्हायचे आणि मग बघायचे काय आहे ते. यात काही विद्या नाही. कोणालाही जमावे.

असे मला वाटत होते.

परत येऊन जव्हारच्या शाळेत मास्तर झालो आणि त्याच सुमारास सडकेवर मोटार आली. जव्हार संस्थानात तिचे कोण कौतुक! बाजाराच्या दिवशी मी गावाबाहेरच्या शिरपामाळाच्या बाजूला आयला सामोरा जायचो. पाड्यावरच्या बायका एकामागे एक, डोक्यावर मोळ्या, नजर पायांशी, अशा सडकेच्या बरोब्बर मधोमध येत. मधोमधच का? तर पायवाटेला मध्य तेवढाच असतो, कडेला काटे. आणि मागे मोटारीचा भोंगा वाजला, की सगळी रांग जागच्या जागी थिजायची. एकही मान वळायची नाही.

मोटारवाला करकचून ब्रेक दाबायचा आणि शिव्या घालायचा. "ए बायांनो, संस्थाननं तुम्हाला सडकेवर पुरलंय काय?" आत बसलेले टोपीवाले हसायचे. मला मोटारवाल्याचाही राग यायचा आणि आमच्या बायकांचाही. त्याचा जास्त की यांचा, ते अजून ठरलेले नाही.

मी आयला म्हटले, "अगं, ते तुला सांगतंय की बाजूला हो."

"ओरडतंय ना? ओरडू दे. ओरडून थकलं की जाईल निघून."

"ते थकत नाही, आय! ते यंत्र हाय."

"मग तर त्याला डोकंच नाय. त्याच्या काय नादाला लागायचं!"

रविवारी मी अंगणात सगळ्यांना गोळा केले. राखेने सडक काढली. कडेने कसे चालायचे ते स्वतः डोक्यावर मोळी घेऊन दाखवले. माझी चुलती तोंडाला पदर लावून हसत होती. "बघा गं, सोळा बुकं शिकून आला नि आता चालायला शिकवतो. आम्ही काय आजवर रांगत जात होतो?" मग हसण्याचा जो पूर आला, त्यात माझी सडक वाहून गेली. दुसऱ्या रविवारी तेच. कचेरीतून दवंडी पिटली गेली, मोटार आली की बाजूला व्हा. बायकांनी माना डोलावल्या आणि पुढच्या बाजाराला पुन्हा मधोमध उभ्या राहिल्या. दगडाला सांगितले असते तर निदान हसला नसता.

एका बाजाराला मी माळाखालच्या उतारावर वाट बघत होतो. रांग दिसली. शेवटी आय. आमच्यात सगळ्यात जाणती बाई शेवटी चालते, मागे राहिलेल्याला सांभाळायला. तिच्या मागे वळणावरून मोटार उतरली. भोंगा वाजला. रांग थिजली. मी ओरडत धावलो, पण मीही एक आवाजच. मोटारवाल्याने चाक फिरवले, मोटार कडेच्या चारीत गेली, पण जाताजाता तिचा पत्रा मोळीला लागला. लाकडे सडकभर उधळली आणि आय भुईवर.

मी तिला उठवले. कोपर सोलवटले होते, बाकी धड होती. तिने धूळ झटकली, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "बघितलंस? उभी राहिले म्हणून वाचले."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. इतकी वर्षे जे तोंडात आणले नव्हते ते बोललो. "बा पण उभाच राहिला होता!"

"तो हालला," आय म्हणाली. बाकीच्या बायकांनीही माना डोलावल्या. "सगळ्या पाड्याला ठाव हाय. ऐन वक्ताला त्याचा पाय हालला."

हे मला नवे होते. म्हणजे आमच्या पाड्याने बापाचा पाय असा हिशेबात बसवला होता, की धडा खराच, बाप कच्चा निघाला. आणि मी राखेने रेघा ओढत बसलो होतो!

त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर पाड्यावर गेलो. बाप ओसरीवर टोपली विणत होता. बायका आयला पोचवायला अंगणात थांबल्या होत्या. मी सरळ विचारले, "बा, त्या दिवशी तू हाललास?"

त्याने बांबूची पट्टी आत खोवली. "नाय."

"नीट सांग."

"एवढासा पण हाललो नाय. माझ्या बानं शिकवलं तसा उभा होतो. पायावर चाक चढलं तवा पण उभाच होतो."

आय कोपरावर पाला दाबून बसली होती. ती म्हणाली, "मग आजवर बोलला का नाय तुम्ही?"

"तुम्ही इचारलं का कधी?" बाप म्हणाला. "लंगड्याचंच चुकलं, असं ठरवून बसलात सारे."

अंगणात कोणी हसले नाही. चुलतीसुद्धा.

लोखंड तापले होते, म्हणून मी भाषण केले नाही. एवढेच म्हटले, की रानात पुढची बाई 'काटा' म्हणते तेव्हा शब्द मागे-मागे जातो, प्रत्येक जण पाय चुकवतो. कोणी वाद घालत नाही. तसेच उलटे करा. मोटारीचा आवाज आला की शेवटची बाई म्हणेल 'चाक', शब्द पुढे-पुढे जाईल, आणि जिला ऐकू येईल तिने आधी सडकेच्या डोंगराकडच्या कडेला पाय टाकायचा, मग पुढचीला सांगायचे. भोंग्याचे ऐकू नका. आपल्या माणसाचे ऐका.

लगेच जमले असे समजू नका. महिनोन्महिने कोणीतरी एक जण थिजायचीच, आणि मी कडेला उभा राहून दात खायचो. पण आता बाप त्यांच्यामागे लागला होता. विहिरीवर निघालेल्या बायकांना तो ओसरीवरून काठी आपटून "चाक!" म्हणायचा, आणि जी उभी राहील तिला म्हणायचा, "ये, बस माझ्याशेजारी. तुला पण टोपल्या शिकवतो."

ज्या गोष्टीसाठी मी बी.ए.चा घसा कोरडा केला, ती त्यांनी त्याच्या मोडक्या पायाकडून घेतली. मला त्याचा राग आला नाही, असे म्हणणार नाही. आला.

पुढे सडकेवर मोटारी वाढल्या. आमच्या पाड्याची रांग डोंगराच्या कडेने जव्हारच्या बाजाराला जात राहिली, आणि तिच्यातली एकही बाई चाकाखाली आली नाही. आय पुष्कळ म्हातारी होऊन घरातच गेली. शेवटच्या पावसाळ्यापर्यंत ती स्वतःच्या दोन पायांवर चालत होती.