कुठपर्यंत पाहिलंत?

फोन उचलला की गायधनीबाई पहिलाच प्रश्न विचारायच्या, "कुठपर्यंत पाहिलंत?"

खरं तर त्यांनी "आपल्याला काय मदत करू?" असं विचारायचं होतं. तसा कागद मी प्रत्येकाच्या टेबलासमोर चिकटवला होता. गंगापूर रोडवर एका दवाखान्याच्या डोक्यावर आमचं तक्रार केंद्र होतं आणि सव्विसाव्या वर्षी मी तिथला टीम लीडर होतो. लीडर झाल्यावर मी शर्ट खोचायला लागलो. त्यापलीकडे माझ्यात फारसा बदल झाला नव्हता.

एका वाहिनीने तेव्हा नवी सोय काढली होती. संध्याकाळी चुकलेली मालिका दुसऱ्या दिवशी मोबाइलवर बघा! आज यात कुणाला नवल वाटणार नाही, पण तेव्हा लोक खुळावले होते. ॲपचं मात्र एक होतं. जाहिराती सरसर चालायच्या आणि मालिका सुरू झाली की मधोमध गोल चक्र फिरत बसायचं. कधी गुरुवारचा भाग बुधवारच्या आधी लागायचा, म्हणजे मुलीचं लग्न आधी आणि बघण्याचा कार्यक्रम नंतर. कधी आवाज पुढे पळायचा आणि ओठ मागून हलायचे. लोक चिडून फोन करत, आणि आम्ही कागदावरचं वाचून दाखवत असू : "ॲप काढून पुन्हा टाका."

बाई कागद वाचत नसत. उरलेला भाग त्या स्वतःच सांगत.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांची तीस वर्षं गेली होती. निवृत्त झाल्यावर पंचवटीतल्या दोन खोल्यांत त्या एकट्याच राहत. "दिवसदिवस फोन वाजत नाही रे घरी. आवाज बसून जाईल माझा," असं म्हणत त्या मुलाखतीला आल्या होत्या. पगार किती, हेही त्यांनी विचारलं नाही. खुर्चीला पाठ हवी, एवढीच अट घातली.

रोज दुपारी दीडला पिंपळगावहून फोन यायचा. द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये पेट्या भरणाऱ्या बायकांचा. हंगामात त्यांना सुटायला उशीर व्हायचा आणि साडेसातची मालिका बुडायची. बोलायला मंगल.

"बाई, आजबी गोलच फिरतंय."

"कुठपर्यंत पाहिलंत?"

"सासू जिन्यावर उभी हाय, हातात चिठ्ठी हाय, आन् तितंच थिजलीय."

"वाचली तिनं चिठ्ठी. ऐका आता."

"थांबा बाई, फोन मोठा करते. ए, डबे वाजवू नका गं!"

मग बाई सांगायच्या. नुसती गोष्ट नाही, शेऱ्यांसकट. "ती काही बोलली नाही हो. नुसता पदर खोचला. मी तेव्हाच ओळखलं, आता सुनेची धडगत नाही."

कॉल चार मिनिटांत संपला पाहिजे, असा नियम होता. बाईंचे पंधरा-पंधरा मिनिटं चालत. मी एकदा शर्ट नीट खोचून त्यांच्यासमोर उभा राहिलो.

"बाई, चार मिनिटं."

"लीडर, अर्ध्यात तोडलेला कॉल परत येतो. माझा एक तरी परत आलाय का, बघ."

बघितलं. आला नव्हता. तेव्हापासून अहवालात बाईंच्या नावापुढे मी "सखोल तांत्रिक मार्गदर्शन" असं लिहायला लागलो.

एके दिवशी बाई डोळे तपासायला म्हणून रजेवर होत्या. त्यांच्या खुर्चीवर पंखा बरोबर यायचा, म्हणून मी तिथे जाऊन बसलो. दीडला फोन वाजला.

"बाई न्हाईत? मंग तुमीच सांगा, भाऊ. सासू डाक्टरकडं निघाली, आन् थिजली."

मी त्या मालिकेचा एक भागही पाहिलेला नव्हता. पण पलीकडे दहा-बारा बायका डबे उघडून बसल्या होत्या. म्हटलं, त्यात काय अवघड आहे? मी सासूला रिक्षात बसवलं. पुढे काही सुचेना, म्हणून रिक्षा उलटवली.

"आगं बया! मंग?"

ते "मंग" मला चढलं. मी तिला दवाखान्यात नेलं, सुनेच्या मांडीवर डोकं ठेवायला लावलं, माफी मागायला लावली आणि मारून टाकलं. पलीकडे कुणीतरी मुसमुसलं. मी खूश! बाईंपेक्षा आपलं बरं जमतंय, असंही वाटलं. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी पॅकहाउसमध्ये कधी नव्हे ते ॲप धड चाललं. सासू नवी पैठणी नेसून श्रीखंड वाढत होती.

मंगलने रीतसर तक्रार नोंदवली : "तुमच्या मानसानं जित्या बाईचं मरण सांगितलं. आमी जेवलो न्हाई दुपारचं." तक्रार मुंबईला गेली. मुंबईने त्या खुर्चीची रेकॉर्डिंग्ज मागवली. माझा कॉल शोधता शोधता त्यांनी बाईंचेही ऐकले. एक ऐकला, मग दुसरा, मग सगळेच. निर्णय आला. मला सक्त ताकीद. बाईंना उद्यापासून यायचं नाही.

मी बाईंना सांगायला गेलो, तेव्हा त्या डोळ्यांत औषध घालत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "रिक्षा कुठे उलटवलीस?"

"आपल्या रविवार कारंज्यावर."

"अरे गाढवा, ती मालिका कोल्हापुरात घडते!" आणि त्या हसत सुटल्या. हसून झाल्यावर बराच वेळ डोळे पुसत राहिल्या. औषधाचं पाणी होतं की काय, मी विचारलं नाही. मग एकदम म्हणाल्या, "काल काय झालं, हे विचारणारं मला घरी कुणी नाहीये रे."

चूक माझी आहे, बाईंना परत घ्या, असं पत्र मी मुंबईला लिहिलं. फार सुंदर लिहिलं. आणि पाठवलं नाही. सोमवारी पाठवू, म्हटलं. सोमवारी म्हटलं, ताकीद ताजी आहे, जरा थांबू. आजवर मूर्खपणाचे अनेक किस्से मी चवीने सांगत आलोय. हा सांगताना चव येत नाही.

त्याच सोमवारी दीडला मंगलचा फोन आला. या वेळी मी माझ्या खुर्चीवर होतो.

"बाईंना द्या."

"बाईंना काढलं."

"आमच्या तक्रारीनं?"

"नाही. माझ्यामुळे."

मागे डबे वाजत होते.

"मंग नंबर द्या त्यांचा."

कर्मचाऱ्याचा नंबर बाहेर देणं म्हणजे नोकरी जाऊन थेट घरी बसणं. मी दिला. एकेक आकडा सावकाश, दोनदा. त्या कॉलचंही रेकॉर्डिंग झालंच असणार. मुंबईत कुणी ऐकलं नाही, की ऐकून सोडून दिलं, मला कधीच कळलं नाही.

पुढे ॲप सुधारलं, तक्रारी आटल्या, आमचं केंद्रही बंद झालं. बाजारात एकदा बाई भेटल्या, मेथी निवडून घेत होत्या. मी विचारलं, "आता तर नीट चालतं ना सगळं? मग अजून फोन येतात?"

"येतात की. जेवताना हात खरकटे असतात त्यांचे, मोबाइल धरणार कोण? आणि साडेसातला मला कुठे हलता येत नाही बघ, दुसऱ्या दिवशी सांगायचं असतं." तक्रार करत होत्या, पण चेहरा काही तक्रारीचा नव्हता.

यंदाच्या हंगामात बाई गेल्या. दहाव्याला मी त्यांच्या घरी होतो. पुण्याचा भाचा (बाईंचा फोन आता तोच उचलत होता), शेजारी, आणखी दोघंतिघं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टेम्पो थांबला आणि पाच बायका उतरल्या.

"गायधनीबाईंचं घर ह्येच का?"

आवाजावरून मी मंगलला ओळखलं. तिनेही माझ्या "हो"वरून मला ओळखलं असावं. पाची जणी आत आल्या आणि फोटोसमोर उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांनी बाईंना कधी पाहिलंच नव्हतं.

"ह्याच?" मंगलने विचारलं.

"ह्याच."

"मला वाटलं, उंच असतील," मागची एक हळूच म्हणाली.

मग त्या भिंतीला टेकून बसल्या. मंगलने डोक्यावरून पदर घेतला आणि माझ्याकडे वळली. "काय झालं वो त्यांना? सुरवातीपासनं सांगा."

मी सांगितलं. बाईंना दम कधीपासून लागत होता, दवाखान्यात कोण घेऊन गेलं, शेवटचं काय बोलल्या. जे मला ठाऊक नव्हतं, तिथे ठाऊक नाही म्हणालो.