गॅलरीतलं दुधाळ पाणी

ह्यांना जाऊन आता दोन महिने होतील, आणि मी अजून त्यांच्यावर रागावलेलीच आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोलेन मी, पण आधी राग सांगते. त्या दिवशी शनिवार होता, माझी शाळा अर्ध्या दिवसाची. घरी आले तर हे पायात चपला घालून दारात. म्हटलं, "जेवून जा की, भरीत केलंय." तर म्हणाले, "वसईला जाऊन आलोच, नाहीतर दुकान बंद होईल." मी पानं घेऊन बसले. फोन आला तो वसईच्या बाजारातल्या हार्डवेअरवाल्याचा. तो ओळखीचाच, हे सारखे त्याच्याकडे पडलेले असायचे. "काकू, काकांना जरा घाम आलाय, बसवलंय इथे. तुम्ही या." पानं तशीच झाकून मी निघाले. विरारच्या मनवेलपाड्याहून मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. समोरचे डॉक्टर येऊन पाहून गेले होते, ह्यांना दुकानातल्या बाकावर निजवलं होतं, आणि उशाशी कागदात गुंडाळलेली हातभर स्टीलची जाळी होती. दुकानदाराने ती माझ्या हातात दिली आणि मीही घेतली, नको म्हणायचं सुचलंच नाही. त्या जाळीची काही गरज नव्हती. गरज नसलेली वस्तू आणायला माणूस उपाशीपोटी गेला, हा माझा राग आहे.

श्रीधर... जन्मात मी ह्यांना नावाने हाक मारली नाही, इथे लिहून घेते. मुंबईच्या एका कारखान्यात ते टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारं-साचे घडवतात त्या खात्यात होते. नव्वदच्या दशकात तो कारखाना बंद पडला तेव्हा ह्यांच्या बरोबरीच्या लोकांनी हाती आलेल्या पैशातून कुणी मुलीचं लग्न उरकलं, कुणी गावी घर बांधलं. ह्यांनी वसई पूर्वेच्या एका बंद होणाऱ्या गाळ्यातून जुनं, छोटं मिलिंग मशीन उचलून आणलं आणि आमच्या तळमजल्याच्या घराच्या मागच्या गॅलरीत बसवलं. मिलिंग मशीन म्हणजे काय, हे बिल्डिंगमधल्या प्रत्येक बाईला मी समजावून सांगितलंय. टेबलावर धातूचा तुकडा घट्ट बांधायचा, वरून फिरतं पातं येतं आणि तो तुकडा हवा तसा तासून काढतं. माझी शाळेच्या ऑफिसातली नोकरी होती, घर चालत होतं, म्हणून मीही हो म्हटलं.

काम दिलं रॉबर्टभाऊंनी. त्यांच्या गाळ्यात पॅकिंगची यंत्रं बनतात, त्यांना अॅल्युमिनियमच्या पट्ट्या लागत. माणूस सरळ. पहिल्याच दिवशी आमच्याकडे चहा पिता पिता त्यांनी सांगून टाकलं, "श्रीधरभाऊ, माल नीट आला तर हे काम कायमचं तुमचं. नाही जमलं तर टेन्शन नाय घ्यायचं, माझ्याकडे सुपरवायझर म्हणून या. खुर्ची रिकामी आहे." ह्यांना ती खुर्ची नको होती. रॉबर्टभाऊ गेल्यावर मला म्हणाले, "इतकी वर्षं दुसऱ्याच्या भोंग्यावर उठलो-बसलो. आता घरच्या मशीनवर पोट भरायचं. ते नाही जमलं तर मी कसला कारागीर?" पुढची सगळी वर्षं आमचं घर त्या एका हट्टावर चाललं.

आणि तो हट्ट अडकला कशात, तर पाण्यात. तासताना धातू तापतो, पात्याला चिकटतो, म्हणून त्यावर सतत कूलंटची धार सोडावी लागते. पाण्यात एक तेल मिसळलं की ते दुधासारखं पांढरं होतं, तेच हे कूलंट. ही धार कामावर पडते, तासलेल्या धातूचा कीस वाहून खालच्या टाकीत नेते, आणि टाकीतला पंप तेच पाणी पुन्हा वर चढवतो. म्हणजे कीसही पुन्हा वर. जाडा कीस पंपात अडकायचा आणि पंप नुसता घुमत राहायचा. बारीक कीस धारेबरोबर पुन्हा पात्याखाली यायचा आणि तयार पट्टीवर केसाएवढा चरा उठायचा. तो चरा मला कधी दिसला असेल तर शपथ. हे पट्टी उजेडात तिरकी धरायचे, "हा बघ, हा," म्हणायचे, आणि गॅसवर दूध असायचं म्हणून मी "हो हो, दिसला" म्हणून मोकळी व्हायचे. रॉबर्टभाऊंना मात्र दिसायचा. दहा-वीस पट्ट्या बाजूला निघायच्याच.

मग गाळण्यांचं पर्व सुरू झालं. आधी माझी चहाची गाळणी गेली. मग जुन्या साडीचं पातळ फडकं, मग पायमोजा, मग पाण्याच्या फिल्टरमधली ती पांढरी कांडी. जाड जाळीतून कीस निसटायचा आणि बारीक जाळी क्षणात तुंबायची, की पांढरं पाणी गॅलरीभर. एक ना धड भाराभर चिंध्या, अशी गत. मी कामावरून यायचे ती फरशी पुसायलाच. लोहचुंबक का नाही लावत, म्हणून एकदा विचारलं, तर माझ्याकडे असं पाहिलं... म्हणाले, "अगं, अॅल्युमिनियमला चुंबक ओढतं का?" एकदा तर शाळेत डबा उघडला आणि शेजारच्या बाईंनी माझ्या पोळीकडे निरखून पाहत विचारलं, "वर्ख लावलाय का हो, चांदीचा?" पोळीत चकचकीत कीस होता. ह्यांनी माझी पिठाची चाळण नेऊन टाकीवर ठेवली होती आणि शहाण्यासारखी धुऊन परत खिळ्याला अडकवली होती. संध्याकाळी मी चाळण त्यांच्यापुढे आपटली. हे म्हणाले, "चाळण चांगली होती, पण भोकं मोठी पडली." ह्या माणसाला भांडायलासुद्धा नीट यायचं नाही.

सगळ्यात मोठा घोळ झाला तो तुरटीचा. तेव्हा आमच्याकडे पाणी टँकरचं. पिंपात गढूळ पाणी भरायचं, त्यात तुरटी फिरवायची, सकाळपर्यंत गाळ खाली बसतो. विरारमधल्या प्रत्येक बाईचा हात या कामाला सरावलेला होता. रॉबर्टभाऊंचा मोठा माल द्यायचा होता, पंप दोनदा अडकला होता, आणि ह्यांच्या मनात आलं की गाळ बसतो तसा कीसही बसेल. माझी तुरटी घेऊन टाकीत फिरवत बसले. मी आले तर गॅलरीत दूध नासल्याचा प्रकार! वर तेलाचा पिवळट थर, मध्ये गुठळ्या, खाली निवळ पाणी. तेल आणि पाणी वेगळं झालं होतं. ती टाकी तर गेलीच, पण लक्षात येण्याआधी हेच पाणी मशीनवर फिरलं होतं, त्यामुळे दोन दिवसांत टेबलावर गंजाचे ठिपके उठले. हे तुरटीचा खडा हातात धरून उभे. म्हणाले, "तूच तर रोज फिरवतेस." मी म्हटलं, "मी पिण्याच्या पाण्यात फिरवते. तुमच्या दुधात नाही." त्यावर हे स्टुलावर बसले आणि हातातला खडा फडक्याने पुसत राहिले. माल अर्थातच वेळेत गेला नाही. रॉबर्टभाऊंनी फोनवर पुन्हा खुर्चीचं विचारलं, ह्यांनी "कळवतो" म्हणून फोन ठेवला. त्या दिवशी मला त्यांची फार दया आली. खुर्ची घ्या, असं सांगायला मी तोंडही उघडलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून गिळून टाकलं.

तोडगा सापडला तो लाईट गेल्यामुळे. आमच्याकडे लाईट जायची ती कंटाळा येईपर्यंत. ऐन कामात पंप बंद पडला, हे चरफडत टाकीशी बसून राहिले, आणि लाईट येईपर्यंत कीस आपोआप तळाशी बसलेला त्यांनी पाहिला. ना गाळणी, ना तुरटी. पाण्याला थांबायला मिळालं, एवढंच. मग त्यांनी पत्र्याची लांब टाकी करून घेतली, आत आडवे पडदे, म्हणजे पाणी एका कप्प्यातून उतू जाऊन दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात, आणि पंप शेवटच्या कप्प्यात. टाकी मशीनपेक्षा मोठी झाली. नाकापेक्षा मोती जड, म्हणून मी हसले, तेही हसले. पण चालली हो टाकी! पंप अडकेना. त्या खेपेचा सगळा माल रॉबर्टभाऊंनी ठेवून घेतला, एकही पट्टी परत आली नाही. स्वतः घरी आले, येताना सुकेळी, वसईची ती वाळवलेली केळी, घेऊन आले. "श्रीधरभाऊ, माल पास. सोमवारपर्यंत हो म्हणा, वर्षाचं काम तुमच्या नावावर टाकतो."

मी आतून ऐकत होते. मला वाटलं, आता हा माणूस हो म्हणेल आणि आपण सुटलो. ह्यांनी काय करावं? शेवटच्या कप्प्यात बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं आणि म्हणाले, "पास आहे, स्वच्छ नाही. अजून कण लागतो बोटाला." रॉबर्टभाऊ म्हणाले, "अहो, मला चालतंय ना." तर ह्यांचं उत्तर, "मला नाही चालत. पंपाच्या तोंडाला एक बारीक जाळी बसवतो आणि मग हो म्हणतो." ते गेल्यावर मी खूप बोलले. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते दारात येऊन उभं आहे आणि तुम्ही त्याला जाळीसाठी ताटकळत ठेवता? हे शांतपणे म्हणाले, "अगं, वर्षाचं काम आहे म्हणूनच. एकदा हो म्हटलं की मग कोण जाळी बसवतं?" मी सुकेळी डब्यात भरली आणि झाकण आपटून लावलं. हा प्रकार बुधवारचा. शनिवारी हे वसईला गेले. सोमवार आला तेव्हा आमच्या घरी माणसं बसलेली होती आणि त्यांत रॉबर्टभाऊही होते.

मशीन विकून टाक, असं सगळे सांगतात. गॅलरी मोकळी होईल, कपडे वाळत घालता येतील. पटतं मला. पण रोज संध्याकाळी शाळेतून आले की पर्स ठेवायच्या आधी मी गॅलरीत जाऊन पंपाचं बटण दाबते. हे म्हणायचे, पाणी निजलं की कुजतं, वास मारतं, सुट्टीच्या दिवशीसुद्धा थोडं फिरवावं. म्हणून फिरवते. पांढरी धार रिकाम्या टेबलावर पडते, खाली उतरते, पडद्यांवरून उतू जात शेवटच्या कप्प्यात येते. ती जाळी अजून कागदातच आहे. चहा होईपर्यंत पंप चालू ठेवते. कशासाठी, ते मला विचारू नका. चिडचिडच होते बघताना, पण बंद ठेवलं तर त्याहून जास्त होते.

परवा रॉबर्टभाऊ आले होते. मशीन द्यायचं असेल तर योग्य भावाने घेऊ का, असं त्यांनी चाचरत विचारलं. मी म्हटलं, बघून तर घ्या. पंप चालूच होता. त्यांनी शेवटच्या कप्प्यात बोट घातलं, अंगठ्यावर चोळलं, पुन्हा घातलं, पुन्हा चोळलं. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "वहिनी, एक कण नाही हो. शेवटी जमवलं बघा त्यांनी."

मी म्हटलं, "कीस पाडायला माणूस नाही, रॉबर्टभाऊ. कण येणार कुठून?"

त्यांनी रुमालाला बोट पुसलं. मशीनबद्दल पुढे काही विचारलं नाही. मी चहा ठेवायला आत गेले, आणि पाणी गॅलरीत फिरत राहिलं.